मिशीची रात्र आणि बिनमिशीची रात्र

मुलगी : आता नीट बघा. आहे… नाही… आहे… आहे… नाही.

बाबा : थांब थांब. परत लाव.

मुलगी : किती वेळा लावू, बाबा? एका कडव्यात मामाची मिशी येते काय, जाते काय. बघणाऱ्याला वाटेल, ड्रमवर जुळे भाऊ बसवलेत.

बाबा : एक लबाड आणि दुसरा त्याहून लबाड.

मुलगी : मी गंमत करत नाहीये. दोन रात्री शूटिंग करायचं आणि दोन्हींतलं चांगलं चांगलं उचलून एक कार्यक्रम जोडायचा, असं ठरलं होतं आपलं. त्यासाठी मी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगितलं होतं की दोन्ही रात्री तेच कपडे घाला. तोच शर्ट, तोच पट्टा, तेच बूट. तुमचं वरचं बटणसुद्धा दोन्ही रात्री उघडं ठेवलं.

बाबा : ते मी एरवीही उघडंच ठेवतो.

मुलगी : हो, आणि आई म्हणते, त्यातून आता आत फक्त वारा जातो.

बाबा : तुझ्या आईला मी कधी गायक म्हणून पसंत नव्हतोच. नवरा म्हणून केला आणि बँडमध्ये फुकट मिळालो.

मुलगी : मिशीचं मात्र कुणी बोललं नाही. माणूस मोजे बदलतो, हे मला माहीत होतं. रातोरात तोंड बदलेल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

बाबा : आपला खांब बघ. दोन्ही रात्री गिटार घेऊन एकाच जागी, एकाच पायावर. त्याला कुठूनही काप, कुठेही जोड.

मुलगी : खांबकाकांना घेऊन अख्खा व्हिडिओ करता आला असता तर मी आज सुखात असते. ते जाऊ द्या. वितरकाला संध्याकाळी उत्तर द्यायचंय. दोन्ही रात्रींची भेळमिसळ होत नाही. म्हणजे अख्खा कार्यक्रम एकाच रात्रीचा घ्यायचा. पहिली तरी, नाहीतर दुसरी.

बाबा : दुसरी.

मुलगी : जरा विचार तरी करा.

बाबा : केला. दुसरी.

मुलगी : बाबा, पहिल्या रात्री तुमचा आवाज असा लागलाय की मी इथे एकटी बसून टाळ्या वाजवल्या. ‘गच्ची’ गाण्यातला तो वरचा सूर, वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवर आहे तसाच्या तसा. आणि दुसऱ्या रात्री? पहिलंच गाणं, तोच सूर आणि तुम्ही फाटलात. थोडेथोडके नाही. पायरीवरून पत्र्याची बादली घरंगळत जावी तसे.

बाबा : तो एसीचा दोष. गार वारा थेट घशात जात होता.

मुलगी : ते मैदान होतं. उघडं मैदान.

बाबा : मग नैसर्गिक गार वारा. असल्या वाऱ्यात भल्याभल्यांचे आवाज बसतात. तुला सांगतो, आमच्या पहिल्या दौऱ्यात एका गावात इतकी थंडी होती की मी गायलेला सूर हवेतच गोठला. सकाळी ऊन पडलं तेव्हा तो सुटला, आणि रस्ता झाडणाऱ्या माणसानं टाळी वाजवली.

मुलगी : ही गोष्ट मागच्या वेळी सांगितलीत तेव्हा दूधवाला होता.

बाबा : दूधवालाही होता. गर्दी होती. मुद्दा असा की, फाटू दे माझा आवाज. दुसरी रात्रच जाईल.

मुलगी : कारण दुसऱ्या रात्री मामाला मिशी नाही.

बाबा : असंही आहे.

मुलगी : असंच आहे. तुम्हाला स्वतःच्या गळ्यापेक्षा त्याचा बोडका ओठ प्यारा झालाय.

बाबा : पोरी, तुला त्या ओठाचा इतिहास माहीत नाही.

मुलगी : मला तो पाठ आहे! मी ड्रमच्या खोक्यात झोपायचे तेव्हापासून ऐकतेय. जुन्या बँडचा शेवटचा कार्यक्रम संपला, तुम्ही मंचाच्या मागे म्हणालात, ‘गच्ची’त ड्रम पळतो. मामा म्हणाला, ड्रम जागेवर आहे, गाणारा रेंगाळतो. तुम्ही म्हणालात, पळतो. तो म्हणाला, रेंगाळतो. मग त्यानं मिशीला पीळ देऊन सगळ्यांदेखत सांगितलं की मी पळालो असं ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी मिशी उतरवीन. आणि बँड फुटला. ताल कुणाचा चुकला यावरून सख्खे मेहुणे वर्षानुवर्षं बोलले नाहीत. आई भावाच्या घरी एकटी जायची आणि एकटी परत यायची.

बाबा : बरोब्बर. आणि आता, बँड पुन्हा जुळल्यावर, जगाच्या समोर, सगळे दिवे तोंडावर घेऊन, त्यानं मिशी उतरवली. माझ्याशी एक शब्द न बोलता. याला म्हणतात कबुली. ती मी व्हिडिओत घेऊ नको? सूर मी पुन्हाही लावीन. ही मिशी पुन्हा उतरणार आहे का?

मुलगी : वितरकाकडे तिसरा तोडगा आहे. त्यांच्या माणसांनी कम्प्युटरवर मिशी बनवून दुसऱ्या रात्रीच्या मामाला चिकटवलीये. नमुना पाठवलाय. बघायचाय?

बाबा : दाखव. … अरे देवा.

मुलगी : मामा मान डावीकडे वळवतो. मिशी जरा विचार करते आणि मग वळते.

बाबा : आणि आता गालावर गेली. सुरवंटासारखी चाललीये. कानात जाईल, कानात जाईल… गेली!

(दार ढकलून मामा आत येतो. हातात तीन कप कॉफीचा पुठ्ठ्याचा ट्रे, वरच्या ओठावर नुकतीच उगवू लागलेली पांढरी खुंटं.)

मामा : कुणाच्या कानात काय गेलं?

मुलगी : तुझी मिशी, मामा.

मामा : म्हणजे सापडली? मी हॉटेलवाल्यांना फोन करून दमलो.

बाबा : या, मेहुणे, या. बसा. तुमच्याच ओठाबद्दल चाललं होतं. जरा मुलीला सांगा, कुठे गेली ती.

मामा : काय सांगू, दाजी. हॉटेलात ते केस वाळवायचं यंत्र असतं ना भिंतीला? मी नुसता खाली वाकलो, साबण उचलायला. त्यानं ओढून घेतली. सर्रकन. आत गोल गोल फिरताना दिसत होती मला. मी म्हटलं, जाऊ दे, खेळू दे तिला, सुट्टीवर आहे.

मुलगी : ते यंत्र वारा बाहेर फेकतं, मामा. आत ओढत नाही.

मामा : ते उलटं बसवलेलं होतं. हॉटेल स्वस्तातलं होतं.

बाबा : परवा खांबाला सांगितलंस, पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आठवण म्हणून मागितली.

मामा : तेही खरं. त्यांना देणार म्हणूनच शोधतोय.

बाबा : बघितलंस? वाक्यागणिक नवी थाप. पण खरं काय ते बोलायला जीभ रेटत नाही. मी पळालो, एवढेच दोन शब्द.

मामा : मी पळालो.

बाबा : … काय?

मामा : मी पळालो, दाजी. ‘गच्ची’त माझा ड्रम पळतो. तेव्हाही पळत होता, पहिल्या रात्रीही पळाला. तुझं बरोबर. कॉफी घे, निवतेय.

बाबा : ऐकलंस? ऐकलंस ना? हे रेकॉर्ड होतंय का? तुमच्या या खोलीत एवढी यंत्रं आहेत, एखादं तरी चालू असेल!

मामा : साखर कमी आहे त्यात. तुला चालते ना?

मुलगी : मामा, तू असं का बोलतोयस?

मामा : कसं?

मुलगी : खोटं.

मामा : मी खोटं बोलतो हे तुला आज कळलं? यंत्राची गोष्ट आताच सांगितली की.

मुलगी : थापा वेगळ्या. हे खोटं वेगळं. तुला माहीत आहे तू पळाला नाहीस. आणि मलाही माहीत आहे.

मामा : बाळा, ते काय… बिस्किटं आहेत का कुठे?

मुलगी : मी मोजलंय.

बाबा : काय मोजलंयस?

मामा : काही नाही रे. तिला झोप मिळत नाही, डोळ्यासमोर आकडे नाचतात.

मुलगी : बाबा, मंचावर प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो. ड्रम वेगळा, आईचं बास गिटार वेगळं, तुमचा गळा वेगळा. सगळं जुळवायचं म्हणून मी पहिल्या रात्रीचा नुसता ड्रम ठेवला आणि त्याच्यावर मेट्रोनोम लावला. तो टिकटिक करतो, चुकत नाही. मामाला मी परवाच सांगितलं, तर त्यानं माझे हात धरले. म्हणाला, पुसून टाक.

बाबा : पुसलंस?

मुलगी : नाही.

मामा : भाची कसली, वैरीण आहे.

बाबा : लाव.

मामा : दाजी, कशाला? कॉफी पिऊ, जाऊ घरी. ताईनं टोमॅटोचं सूप करून ठेवलंय.

बाबा : लाव म्हणतो ना.

मुलगी : हा ड्रम. आणि ही टिकटिक.

बाबा : … हं. … हं. … दुसऱ्या कडव्यानंतर पळेल बघ. … आता पळेल. … आता.

मुलगी : गाणं संपलं, बाबा.

बाबा : तुझी टिकटिक मामाला फितूर आहे.

मुलगी : आता तुमचा गळा. तीच टिकटिक.

बाबा : हे बघ, गळा आणि ड्रम यांना एक माप लावायचं नसतं. … हा बघ, बरोबर चाललोय. … हं, इथे जरा थांबलो, कारण इथे शब्दच तसा आहे. … इथे श्वास घेतला. माणूस श्वास घेणारच. … इथेसुद्धा.

मुलगी : इथे तुम्ही इतके मागे आहात की टिकटिक पुढच्या ओळीत जाऊन बसलीये आणि तुमची वाट बघतेय.

बाबा : मी मागे राहत नाही. मी शब्दांना जागा देतो.

मामा : आणि ती जागा फार सुंदर देतोस तू. मी खरं सांगतोय, थाप नाही. लोक त्यासाठीच येतात. माझ्या ठोक्यांसाठी कोण येतंय? ती पहिल्या रांगेतली बाई सोडली तर.

बाबा : तू गप्प बस. … तुला माहीत होतं?

मामा : काय?

बाबा : तू जागेवर होतास हे.

मामा : ड्रम वाजवतो रे मी. मला ठोका कळतो.

बाबा : आधीपासून?

मामा : आता ते जाऊ दे ना.

बाबा : मग मूर्खा, मिशी का उतरवलीस? जिंकलेला माणूस तू! वर्षानुवर्षं पीळ देऊन देऊन वाढवलेली मिशी! दौऱ्याच्या पोस्टरवर तुझ्या तोंडापेक्षा मोठी होती ती!

मामा : गरम व्हायचं तिच्यानं.

मुलगी : मामा.

मामा : बरं. पहिल्या रात्रीनंतर आपण कपडे बदलत होतो, आठवतं? तू आरशात बघून म्हणालास, आजही पळालास.

बाबा : म्हणालो असेन.

मामा : म्हणालास. मी म्हटलं, तू रेंगाळलास. तू म्हणालास, पळालास. अगदी पूर्वीसारखं. मला तर मजाच वाटत होती. बसमध्ये तू पुढच्या सीटवर, मी मागच्या, ताई मधे. त्याला सांग खिडकी लाव. त्याला सांग मला उकडतंय. एकाच बसमध्ये बसून निरोप पाठवायचे, मला वाटायचं आपला हा खेळच आहे. मग ताईनं बास पेटीत ठेवलं, बक्कल लावलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाली, उद्या माझ्या जागी दुसरं कुणी तरी बघा.

बाबा : काय?

मामा : म्हणाली, मंचावर मी तुमच्या दोघांच्या मधे उभी असते. बसमध्ये मधे. घरात मधे. आता मला कंटाळा आलाय. चिडून म्हणाली असती तर मी दोन थापा मारून हसवलं असतं. चिडली नव्हती. खोलीची किल्ली कुठे ठेवलीये ते सांगावं, तशी म्हणाली.

बाबा : मला नाही बोलली काही.

मामा : तुला बोलली असती तर तू भाषण केलं असतंस.

बाबा : … केलं असतं.

मामा : मी तिला म्हटलं, उद्याचा एक दिवस वाजव, मग बघू. आणि रात्रभर विचार केला. आपल्यातल्या एकानं हरायला पाहिजे. तुला हरता येत नाही, तुझा तो स्वभावच नाही, तुला साध्या कॅरममध्येही कधी जमलं नाही. मग राहिला कोण? वस्तरा हॉटेलवाल्यांनी फुकट ठेवलाच होता.

मुलगी : आणि दुसऱ्या दिवशी साउंड चेकला तू तोंडाभोवती मफलर गुंडाळून आलास. सर्दी झाली म्हणालास.

मामा : सर्दी झालीच होती. ओठाला. इतक्या वर्षांनी उघडा पडला बिचारा.

बाबा : मला सरळ सांगायचं होतंस.

मामा : सांगितलं असतं तर तू जिंकला कसा असतास?

मुलगी : कॉफी घ्या, बाबा.

बाबा : पहिली रात्र लाव.

मुलगी : आता पहिली?

बाबा : हो, पहिली. मिशीसकट. दुसरी रात्र माझी जीत म्हणून घेत होतो. ही कसली जीत, कुणीतरी ताटात वाढून दिलेली? मला नको. पहिल्या रात्रीत त्याची मिशी आहे, माझा सूर आहे, कुणाचं काही जात नाही. वितरकाला कळव. संपलं.

मामा : बघ विचार करून. दुसरी चांगली आहे.

बाबा : तुझा ओठ बघवत नाही मला आता.

मुलगी : पहिली घेऊ. माझी ना नाही. फक्त एकदा या पडद्यावर बघा. तुम्ही दोघांनीही आतापर्यंत मिशीशिवाय काही बघितलेलं नाही. ही पहिली रात्र, आईच्या कॅमेऱ्यातून.

बाबा : हं. बरी दिसतेय.

मुलगी : ती काय करतेय?

बाबा : वाजवतेय.

मुलगी : कुठे बघतेय?

बाबा : … खाली.

मुलगी : मी अख्खा कार्यक्रम बघितला. ती वर बघतच नाही. एक सूर चुकलेला नाही तिचा. आणि एकदाही मान वर नाही. बोटं आणि वायर. जणू पायाखालची फरशी मोजतेय.

मामा : नुसती कामावर आल्यासारखी.

मुलगी : आता ही दुसरी. तेच गाणं. सुरुवात अंधारात आहे, नुसता मामाचा ड्रम. मग तुम्ही. आता कडवं संपतं आणि मामावर दिवा पडतो. आईकडे बघा. फक्त आईकडे.

मामा : ही बघ, ही बघ. मागे वळली. तिनं मला पाहिलं. अजून तिला कळलेलं नाही. आता कळलं. तिचा हात कसा घसरतो बघ, आयुष्यात इतका चुकीचा सूर तिनं लावला नसेल!

बाबा : थांब. तिथेच थांबव.

मुलगी : थांबवलंय.

बाबा : ही हसली.

मुलगी : हो.

बाबा : ही अशी… मान मागे टाकून… ही कधी हसली? मी तिथेच होतो.

मुलगी : बास चुकलं म्हणून तुम्ही वळलात. पण वळलात ते मामाकडे. तिथे मिशी नव्हती आणि तुमचा सूर फाटला. आई तुमच्या नजरेतून सुटली.

मामा : तुझा फाटला तसा ती अजूनच हसली. पुढे बघ, तोंडावर हात धरायचा तर दोन्ही हात बासवर. मग नुसती हलतेय. नंतरच्या सगळ्या गाण्यांत मान वर आहे बघ तिची.

बाबा : परत लाव.

मुलगी : हं.

बाबा : परत.

मामा : दाजी, कॉफी निवली तुझी.

बाबा : निवू दे. परत लाव. … आम्ही सुरुवात केली तेव्हा ती अशीच हसायची. एकदा मंचावरची लाकडी फळी मोडून मी कमरेपर्यंत आत गेलो आणि तसाच गात राहिलो, तेव्हाही.

मामा : गळ्यापर्यंत गेला होतास.

बाबा : कमरेपर्यंत. … तिनं हे बघितलंय?

मुलगी : बोलावलं होतं. म्हणाली, मी दोन्ही रात्री तिथेच होते, परत कशाला बघू?

बाबा : हं.

मुलगी : बाबा, वितरकाचा फोन येईल.

बाबा : दुसरी रात्र.

मुलगी : अख्खी?

बाबा : अख्खी. चुकलेल्या बासासकट, ह्याच्या त्या ओठासकट.

मामा : माझा ओठ बघवत नव्हता ना?

बाबा : सवय करीन.

मुलगी : आणि तुमचा फाटलेला सूर? तो स्टुडिओत पुन्हा गाऊन तिथे बसवता येतो. सगळेच करतात. कुणाला कळणार नाही.

बाबा : आईसमोर माइक होता ना?

मुलगी : होता की. ती मागून साथ देते ना गाण्याला.

बाबा : म्हणजे हसणं त्यात आलंय.

मुलगी : आलंय. छान आलंय. पण नेमका त्याच वेळी तुमचा आवाज एवढा मोठा आहे की त्याच्यापुढे ते ऐकू येत नाही.

बाबा : मग मला खाली घे.